सतराव्या प्रश्नापुढची कोरी जागा

“सतरा?”

“कोरा.”

“शून्य.”

दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी यायची आणि तिच्यामागून हे तीन शब्द. ‘सतरा’ म्हणणारा आवाज वडिलांचा, कोरडा, घसा खाकरल्यासारखा. ‘कोरा’ हा आईचा. ‘शून्य’ पुन्हा वडिलांचा, आणि त्यानंतर पेन्सिलीची बारीक कुरकुर. कागद उलटायचा. सतरा. कोरा. शून्य. साल्किन तेव्हा पाच वर्षांची होती. शेजारची मुलं पाळणागाण्यांवर झोपायची, ती शून्यांवर झोपायची. पण झोप लागता लागता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. आईचं ‘कोरा’ आणि वडिलांचं ‘शून्य’ यांच्यामध्ये थोडीशी जागा असायची, एका श्वासाएवढी. त्या जागेत आई आणखी काहीतरी बोलणार, असं तिला दर वेळी वाटायचं. रजईचं टोक मुठीत धरून ती वाट बघायची. आई कधीच बोलली नाही.

सेहेचाळीस वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी, बिश्केकमधल्या त्याच चौथ्या मजल्यावरच्या घरात साल्किन तेलाच्या कढईपुढे उभी होती, आणि तेलाच्या चुरचुरण्यात तिला तेच तीन शब्द ऐकू येत होते.

बाहेर कोळशाचा धूर इतका उतरला होता की समोरची इमारत पुसून टाकल्यासारखी दिसेनाशी झाली होती. खाली लिफ्टचं दार आपटलं. तिच्या हातातला झारा थांबला.

“चारला येणार आहेत ना ते?” आईनं, उल्काननं, मान वर न करता विचारलं. “आत्ता दीड वाजलाय. रोट जळतोय बघ.”

दर शुक्रवारी सात रोट तळायचे. तेलाचा वास निघाला की तो गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. प्रोफेसर, म्हणजे साल्किनचे वडील, जाऊन चौदा महिने झाले होते आणि उल्काननं एकही शुक्रवार चुकवला नव्हता. चुकवलं होतं ते एकच. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी ती रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली, बाकीच्या बायका तिच्या मागे बसल्या, आणि सगळ्या जणी वाट बघत राहिल्या, की आता विधवेचा विलाप सुरू होईल आणि मग आपण सूर धरू. उल्कानच्या तोंडून सूर निघालाच नाही. शेवटी चुलत नणंदेनं सुरुवात केली. त्यावरून नातेवाइकांत अजून कुजबुज चालायची.

दाराची बेल वाजली तेव्हा साल्किन पुन्हा दचकली. पण तो तिचा मोठा भाऊ तुर्गुन होता. त्याच्यामागे त्याची बायको बुरुल, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन.

“कोणी आलं नाही ना अजून?” बूट काढता काढता तुर्गुननं विचारलं.

“चारला येणार आहेत, बाइके,” ती भावाला म्हणाली.

“बरं झालं. मग वेळ आहे.” त्यानं आवाज खाली आणला. “ती कुठाय?”

ती म्हणजे त्याची मुलगी, बेगायिम. ती बाल्कनीत बसली होती, अंगावर आजोबांचा जुना ओव्हरकोट, पुढ्यात चहाच्या चार लाकडी पेट्या.

“सकाळपासून तिथंच आहे,” साल्किन म्हणाली. “मोजतेय.”

“थंडीनं गारठेल आणि मग दात कडकडले म्हणून आईकडे येईल,” बुरुल म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि तिचे सगळे विनोद दातांपाशी येऊन थांबायचे. आज मात्र कोणी हसलं नाही.

*

सोमवारी अकरा वाजता विद्यापीठाची परिषद बसणार होती. समाजशास्त्राचा विभाग बंद करायचा आणि उरलेल्या तिघांना ‘जाहिरात आणि जनसंपर्क’ या विभागात जागा द्यायची, असा ठराव तयार होता. साल्किन विभागप्रमुख. तिनं तो वाचला होता. दीड पानाचा होता. तिची तीस वर्षं दीड पानात बसली होती.

त्याआधी एकदा तिला बोलावून विचारपूस झाली होती. टेबलाच्या पलीकडे परिषदेकडून आलेली राखाडी कोटातली एक बाई होती, तरुण, अजिबात उद्धट नाही. ती म्हणाली, “मला खरंच समजून घ्यायचंय. तुमच्या शास्त्राला असं काय कळतं, जे आमच्या फोनवरून मतं गोळा करणाऱ्या कंपनीला कळत नाही?”

आणि साल्किनला काही सुचलं नव्हतं. यंदा चार विद्यार्थी आले होते. त्यातल्या एकाला वाटलं होतं की इथं शिकलं की सरकारी अनुदानाच्या कचेरीत नोकरी लागते. दोन सहकारी नोकरी सोडून आता फ्लॅट विकायचा धंदा करत होते. मागच्या वसंतात पाण्याबद्दल साधी चौकशी करायला मुलं गेली तर दहातली सात दारं उघडली नव्हती, आणि जी उघडली तिथली माणसं आधी विचारायची, हे कोण ऐकणार आहे. मुलांनी मग उरलेले फॉर्म कॅन्टीनमध्ये बसून स्वतःच भरले. तिला ते अक्षरावरून कळलं होतं. तिनं सही केली होती.

हे सगळं त्या बाईला कसं सांगणार? ती गप्प बसली, आणि बाईनं काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल या विचारानं साल्किन तीन आठवडे पहाटे दचकून उठत होती.

एकच धागा उरला होता. उत्तरेकडच्या एका विद्यापीठाला प्रोफेसरांचा जुना अभ्यास हवा होता. १९७९ साली, सोव्हिएत काळात, उझुन-बुलाकच्या खोऱ्यात घरोघर जाऊन भरून आणलेले बायकांचे सहाशे बारा फॉर्म. ते लोक पाच वर्षं विभागाचा खर्च उचलायला तयार होते. अट एवढीच, की मूळ फॉर्म द्यायचे, सगळे, एकही न वगळता. त्यांचा माणूस चारला गाडी घेऊन येणार होता.

त्या फॉर्मांतून प्रोफेसरांचं पुस्तक निघालं होतं, ‘निर्भय खोरं’, मुखपृष्ठावर लेखक प्रोफेसर शार्शेन. शंभरातल्या शहाऐंशी बायका घरात कोणालाच घाबरत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. त्याला पदक मिळालं, पदकावर विभाग उभा राहिला. ते शहाऐंशी अजूनही विभागाच्या दाराशी पितळी अक्षरांत लावलेले होते. साल्किनचा प्रबंध त्याच आकड्यावर रचलेला होता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी बेगायिमनं पहिल्यांदा फॉर्मांच्या त्या पेट्या उघडल्या होत्या.

*

तुर्गुन बाल्कनीच्या दारात उभा राहिला. आत पाऊल टाकवेना. बावन्न वर्षांचा माणूस, मंत्रालयात त्याच्या हाताखाली अकरा जण, आणि त्या चार पेट्या दिसल्या की त्याच्या डाव्या गालाला मुंग्या यायच्या.

सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. वडिलांनी त्याला हाक मारली होती, याच पेट्यांपाशी. हातात एक फॉर्म. फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं काढलेली एक इवलीशी टोपी. दुसऱ्यावर चाबूक. तिसऱ्यावर बूट. “हे सरकारी कागद आहेत,” वडील म्हणाले होते. “यांच्यासाठी मला उद्या कोणीही बोलावून घेईल.” तुर्गुन म्हणाला, मी नाही काढली. तेव्हा एक बसली. तो पुन्हा म्हणाला, मी नाही. दुसरी बसली. वडिलांनी त्याला आयुष्यात तेवढंच दोनदा मारलं. आई दारात उभी होती, हातात चहाचा पेला. ती काही बोलली नाही.

“बाबा, आत या की. दार उघडं राहिलं तर धूर येतो घरात,” बेगायिम म्हणाली.

“तू बाहेर ये. बोलायचंय.”

ती आली, हातात कागदांचा गठ्ठा. स्वयंपाकघरात सगळे बसले. उल्काननं चहा ओतला, अर्धा अर्धा पेला, आधी मुलाला, मग लेकीला.

“मी ठरवलंय,” तुर्गुन म्हणाला. “बाल्कनी गळते. हे खरंच आहे, सगळ्या इमारतीला माहीत आहे. पेट्या भिजल्या, कागदाचा लगदा झाला. त्या माणसाला तसं सांगायचं. पुस्तक आहे, छापील तक्ते आहेत, ते घेऊन जा म्हणावं.”

“तक्ते त्यांच्याकडे आहेत,” साल्किन म्हणाली. “मूळ फॉर्म नसतील तर पैसे नाहीत. पैसे नाहीत तर सोमवारी विभाग नाही.”

“आणि फॉर्म दिले तर? ते उघडून बघतील तेव्हा काय होईल? साल्किन, तूच मला फोन करून रडलीस ना? विभाग बंद होणं वेगळं. तुझ्या वडिलांना खोटारडा ठरवून बंद होणं वेगळं. त्या उत्तरेकडच्या लोकांना मंत्रालयातून गेलेल्या शिफारशीवर माझी सही आहे.”

 साल्किनला हेच हवं होतं, कोणीतरी मोठ्यानं म्हणावं, की देऊ नको. भावाचा इतका आधार तिला कित्येक वर्षांत वाटला नव्हता, आणि त्या आधाराची तिला लाजही वाटत होती.

“आजोबा खोटं नाही बोलले,” बेगायिम म्हणाली. “खोटं बोलले असते तर सोपं होतं.”

“मग काय केलं त्यांनी?” बुरुलनं विचारलं. “मला कोणी नीट सांगतच नाही. मी आपली दात काढणारी बाई.”

बेगायिमनं एक फॉर्म टेबलावर ठेवला. पिवळा पडलेला, कडा चुरलेल्या. “आई, बघ. सतरावा प्रश्न. या घरात तुम्हाला कोणाची भीती वाटते? नाव सांगा. हा नमुना वरून आला होता, दुसऱ्या कुठल्यातरी मुलखासाठी बनवलेला. पुढे नावासाठी जागा. सहाशे बारांतल्या पाचशे सत्तावीस फॉर्मांवर ही जागा कोरी आहे. आणि समासात शून्य. आजोबांच्या पेन्सिलीतलं.”

“शून्य म्हणजे?”

“शून्य म्हणजे ‘कोणाचीच नाही’. उत्तर मिळालंच नसेल तर नव्व्याण्णव लिहायचं. आत्या पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला हेच शिकवते. गप्प बसणारा माणूस आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस, यांना एका खणात टाकायचं नाही.”

साल्किननं पेला खाली ठेवला.  तीस वर्षं ती तो तास घेत होती. तीस वर्षांत या पेट्या तिनं एकदाही उघडल्या नव्हत्या. लोकांना वाटायचं, वडिलांच्या वस्तूंचा मान म्हणून. खरं कारण तिचं तिलाच माहीत होतं. झोपेतला तो आवाज तिला आठवत होता म्हणून.

“बरं,” बुरुल म्हणाली, “पण त्या बायका गप्प का बसल्या? घाबरत नसतील तर ‘नाही’ म्हणायला काय झालं?”

बेगायिमनं आईकडे पाहिलं. मग फॉर्म उचलून, अगदी सरकारी आवाजात, ती म्हणाली, “आई, तू सांग. या घरात तुला कोणाची भीती वाटते? नाव सांगा.”

*

बुरुल हसली. हसण्यात तिचे चांगले जपलेले दात दिसले. तिला वाटलं होतं, आपण पटकन काहीतरी सणसणीत उत्तर देऊ, तुझ्या त्या कॉम्प्युटरची वाटते म्हणून. पण ‘या घरात’ हे दोन शब्द कानात शिरले आणि तिची नजर आपोआप सासूच्या हातांकडे गेली. ते हात पीठ झाडत होते. लगोलग तिनं नजर खाली घेतली.

सत्तावीस वर्षं. लग्न होऊन ती याच घरात आली, डोक्यावर पांढरा रुमाल, दारात तीनदा वाकून नमस्कार. लग्नाआधी ज्याला ती तुर्ग्या म्हणून हाक मारायची, त्याचं नाव त्या दिवसापासून तिच्या तोंडातून गेलं. दवाखान्यात फॉर्म भरताना नवऱ्याचं नाव ती लिहून द्यायची, बोलायची नाही. सासऱ्याचं नाव तर लिहितानाही हात अडायचा. कोणी सक्ती केली नव्हती. सासूनं कधी आवाज चढवला नव्हता. पण एकदा, अगदी सुरुवातीला, नव्या सुनेच्या तोंडून चुकून सासऱ्याचं नाव निघालं होतं आणि सगळं टेबल गप्प झालं होतं. चमचे थांबले होते. ती शांतता अजून तिच्या पाठीत कुठंतरी बसलेली होती.

“अगं बोल की,” तुर्गुन म्हणाला. “माझी वाटते म्हण. निदान कोणालातरी वाटू दे.”

“तुमची कसली वाटते,” ती म्हणाली. एवढं सोपं होतं म्हणून लगेच बोलता आलं. पुढचं तिला येईना. ओठ उघडले आणि मिटले.

“किती वेळ झाला?” बेगायिमनं हळूच विचारलं. “आता मी समासात काय लिहू, आई?”

बुरुलच्या डोळ्यांत पाणी आलं, याचंच तिला आश्चर्य वाटलं. “नाव कसं घेऊ?” ती म्हणाली. “नाव सांगा म्हटल्यावर कसं सांगणार कोणी? ‘सांगा’ म्हणायलाच नको होतं. बोटानं दाखवा म्हणायचं. वस्तू दाखवा म्हणायचं. घाबरणाऱ्या बाईकडे नाव मागतात का?” तिनं रुमालानं डोळे टिपले आणि नवऱ्याकडे वळली. “हे कागद तुम्ही भिजले म्हणून सांगणार? त्या पाचशे बायकांना एकदा शून्य केलं. आता लगदा करणार?”

“तू कोणाच्या बाजूनं आहेस?”

“मला काय माहीत. मी आत्तापर्यंत तुमच्या होते.”

तुर्गुन उठला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. धुरात एक गाडी दिव्यांसकट सरकत गेली, आणि चौघींनी एकदम माना वळवल्या. गाडी पुढे निघून गेली. पावणेतीन झाले होते.

“तुला वाटतं मला खोटं आवडतं?” तो काचेकडे बघत म्हणाला. “मला भीती वाटते, बस्स. माझी बढती अडली तर अडली. पण ते म्हणतील, सगळंच असं असतं. कोणतंही पुस्तक घ्या, कोणताही आकडा घ्या, मागं एक माणूस बसलाय आणि शून्यं लिहितोय. मग साल्किनचा एकटीचा विभाग नाही जाणार. पुढे कोणी कोणाला काही विचारणारच नाही. फोनवाले विचारतील, साबण कुठला वापरता.”

“ते आत्ताच म्हणतायत,” साल्किन म्हणाली. “मला विचारलं त्यांनी, तुम्हाला काय कळतं. मी गप्प बसले.” ती थोडं हसली. “त्यांनी शून्यच लिहिलं असणार.”

“आत्या,” बेगायिम म्हणाली, “एक गोष्ट मला कळत नाहीये. म्हणून सकाळपासून मोजतेय.” तिनं गठ्ठा पसरला. “कोऱ्या फॉर्मांवर खाली, अगदी कोपऱ्यात, बारीक चित्रं आहेत. हे बघ, टोपी. हा चाबूक. हा चहाचा पेला. ही जपमाळ. प्रत्येकावर एकच. पाचशे सत्तावीसांतल्या पाचशे सव्वीसांवर.”

खिडकीपाशी तुर्गुनचा हात गालाकडे गेला.

“ती मी काढली नव्हती,” तो म्हणाला. बावन्न वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

उल्काननं हातातलं लाटणं पिठात आडवं ठेवलं. “नाही,” ती म्हणाली. “मी काढली होती.”

*

कढईखालची आच तिनं स्वतःच बंद केली. सातवा रोट लाटून तसाच राहिला.

“तुमचे वडील वाचनालयात बसायचे आणि आम्हाला घरोघर पाठवायचे,” ती म्हणाली. “आम्ही चौघी होतो. दोघी तापानं आजारी पडल्या, एक पळून गेली. शेवटी मीच. घोड्यावरून. सहाशे घरं. प्रत्येक घरात सासू बसलेली असायची, बाजूलाच. सोळा प्रश्न नीट व्हायचे, मेंढ्या किती, साबण किती, वर्तमानपत्र येतं का. सतरावा आला की सून गप्प व्हायची. मी पण सूनच होते. मला कळायचं.”

“मग?” बेगायिमनं विचारलं.

“मग मी पेन्सिल खाली ठेवायचे आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहायचे. बाई बोलत नाही, पण डोळे कुठंतरी जातातच. खुंटीवरच्या टोपीकडे गेले, तर नवरा. चाबकाकडे गेले तर दीर, गुरं तोच हाकायचा. पेल्याकडे गेले तर सासू. जपमाळेकडे गेले तर सासरा. एक होती, मांडीवर पाळणा हलवत होती. तिनं कुठंच पाहिलं नाही. नुसती गुणगुणली, पोराला झोपवल्यासारखं.”

तिनं डोळे मिटले. जो सूर चौदा महिन्यांपूर्वी भिंतीपुढे निघाला नव्हता, तो आता निघाला, अगदी बारीक, दळताना येतो तसा.

टोपी खुंटीवर आली, चूल आपोआप विझली,
नाव ओठावर आलं, जीभ दातांशी थिजली.

“तिच्या फॉर्मवर मी टोपी काढली,” उल्कान म्हणाली. “परत आल्यावर तुमच्या वडिलांना सांगायला गेले. म्हटलं, हे कोरे फॉर्म कोरे नाहीत. ते म्हणाले, नाव आहे का? म्हटलं, नाही. म्हणाले, मग शून्य. मी म्हटलं, निदान उत्तर मिळालं नाही असं तरी लिहा. तेव्हा ते उठून दाराला कडी लावून आले. म्हणाले, पाचशे बायकांनी उत्तर द्यायचं टाळलं असं मी वर कळवू? आपल्या राज्यात?  लबाड माणूस नव्हता तो. भ्यालेला होता. पुढची सहा शून्यं काढताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.”

 तुर्गुन खिडकीपासून परत येऊन आईच्या समोर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्यासारखा.

“तुला मारलं त्या दिवशी,” ती त्याला म्हणाली, “माझ्या हातात चहाचा पेला होता. मी म्हणू शकले असते, चित्रं माझी आहेत. दोन शब्द. मी नाही म्हटले. तू माझ्याकडे बघत होतास.”

“हो, आई.”

“तुझे डोळे कुठं गेले ते मी पाहिलं. पेल्याकडे.”

तुर्गुननं तोंड हातांत लपवलं. बुरुलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

साल्किन उठली. सव्वातीन झाले होते. ती बाल्कनीत गेली आणि पहिली पेटी दोन्ही हातांनी ओढत दाराशी आणू लागली. लाकूड फरशीवर करकरलं. बेगायिम धावत मदतीला गेली.

“आत्या, देतेयस?”

“देतेय. प्रबंधही देतेय, त्याच्यावर काट मारून. सोमवारी ती बाई विचारेल तेव्हा तुझ्या आजीनं काढलेली टोपी तिच्यापुढे ठेवीन.” तिनं पेटी उंबऱ्याशी टेकवली. “विभाग राहील की जाईल, ते काही मला माहीत नाही. मला खूप भीती वाटतेय, बेगायिम. पण पुन्हा त्या दाराआड झोपायचं नाही मला.”

चारही पेट्या दाराशी रांगेनं लागल्या. तुर्गुननं शेवटची उचलली, कण्हत, गालाला हात न लावता.

तेव्हा बेगायिम आजीपाशी येऊन बसली. तिच्या हातात एकच फॉर्म उरला होता.

“मोठी आई, मी म्हटलं ना, पाचशे सत्तावीस कोरे आणि चित्रं पाचशे सव्वीस. एक राहिला. हा. क्रमांक एक. नमुन्यादाखल घरातच भरून पाहिला असणार. खोऱ्यातला नाही, बिश्केकमधला. स्त्री, वय सव्वीस, टंकलेखन येतं, दोन मुलं, सासू-सासऱ्यांबरोबर राहते. सतराव्यापुढे शून्य आहे आजोबांचं. पण खाली चित्र नाही.”

उल्काननं फॉर्म हातात घेतला. तिला चष्म्याची गरज पडली नाही.

“याच टेबलापाशी,” ती म्हणाली. “ते तिथं बसले होते, तू बसलीयस तिथं. प्रश्न विचारला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला नजर कुठं न्यावी कळेना, म्हणून पिठाकडे पाहत राहिले. ते म्हणाले, बघ, तुलाही कोणाची नाही. आणि खूश झाले.”

खाली, धुरात, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं लिफ्ट हलली. साल्किन दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. यावेळी तिनं रजई धरली नव्हती, पण श्वास धरला होता.

“पुन्हा विचार,” उल्कान म्हणाली.

बेगायिमनं पेन्सिल घेतली. शून्यावर एक आडवी रेघ मारली. “प्रश्न सतरा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज सरकारी राहिला नाही. “या घरात तुम्हाला कोणाची भीती वाटते?”

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आली. तिसऱ्या. बेगायिमची पेन्सिल आपोआप कागदाच्या कोपऱ्याकडे सरकली, जिथं बाकीच्यांवर टोपी होती.

आजीनं तिचं मनगट धरलं आणि पेन्सिल उचलून वर, कोऱ्या जागेवर नेऊन ठेवली.

“चित्र नको काढूस,” ती म्हणाली. “नाव लिही. शार्शेन.”